डागी संत्र्यांची विहीर

बाई, मी तुमची अकोटची विद्यार्थिनी, बेकरीवाल्याची मुलगी. एवढं सांगितलं की पुरे, कारण आपल्या वर्गात बेकरीवाल्याची दुसरी मुलगी नव्हती, आणि सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकून आठवीत मराठी शाळेत आलेलीही दुसरी कोणी नव्हती. तुम्ही जाऊन आता वीस वर्षं व्हायला आली. माझे केस पिकले, गुडघे दुखतात, मुलगा नागपूरला नोकरीला आहे. तरी तुमच्याशी मनात बोलायची वेळ आली की मी अजून उभी राहूनच बोलते. हे मात्र बसून लिहिते आहे. दुपार आहे. संध्याकाळच्या पावाचं पीठ मळून ठेवलंय, ते फुगेपर्यंत तासभर मला कोणी हाक मारणार नाही.

नववीत तुम्ही किण्वनाचा धडा घेत होता. तो शब्द फळ्यावर लिहिलात तेव्हा वर्गात कोणालाच धड म्हणता आला नाही. मग तुम्ही सोपं करून विचारलंत, पाव फुगतो कशाने? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणून मी उभी राहिले. "बरकत येते म्हणून," मी म्हणाले. अब्बा पीठ झाकताना रोज हेच म्हणायचे आणि मला त्यात शंका घेण्यासारखं काही वाटलं नव्हतं. अख्खा वर्ग हसला. मागच्या बाकावरून कोणी तरी ‘बरकत, बरकत’ म्हणून ओरडलं आणि पुढे वर्षभर तेच माझं नाव झालं. तुम्ही हसला नाहीत. खडू खाली ठेवलात, हात झटकलेत आणि विचारलंत, "रविवारी दुपारी तुझे वडील असतात का बेकरीत? मला बघायचं आहे." मला वाटलं, तक्रार करायला येणार. घरी मी दोन दिवस सांगितलंच नाही.

रविवारी तुम्ही आलात तेव्हा अब्बा बनियनवर होते. तुम्हाला दारात बघून ते आत पळाले, सदरा घालून आले, आणि गुंड्या लावता लावता मला म्हणाले, "क्या किया तूने?" तुमच्या हातात कापडी पिशवी होती. तुम्ही एक-एक वस्तू काढून पिठाच्या ओट्यावर ठेवता आहात. दोन बाटल्या, भोक पाडलेलं बूच, काचेची वाकडी नळी, आणि एका बाटलीत स्वच्छ पाण्यासारखं काही तरी. "चुन्याची निवळी आहे भाऊ," तुम्ही अब्बांना सांगता आहात. "पानठेल्यावरचा चुना रात्रभर पाण्यात ठेवला अन् वरचं पाणी घेतलं." अब्बा मान हलवतात. त्यांना काही कळलेलं नाही, पण बाई आपल्या बेकरीत आल्या आहेत एवढ्यानेच त्यांच्या चेहऱ्यावर ईदचा दिवस आहे. तुम्ही त्यांच्याकडून मूठभर खमीर मागून घेतलंत, म्हणजे आदल्या दिवशी राखून ठेवलेला आंबट पिठाचा गोळा. तो कोमट पाण्यात कालवलात, वर चिमूटभर साखर टाकलीत, बाटलीला बूच लावलंत आणि नळीचं दुसरं टोक पेल्यात ओतलेल्या निवळीत सोडलंत. मग आपण तिघं वाट बघत बसलो. अब्बांनी चहा आणवला. टोस्ट दिले. तुम्ही टोस्ट चहात बुडवून खाल्लात, ही गोष्ट अब्बांनी नंतर किती जणांना सांगितली असेल देव जाणे.

चहा संपता संपता नळीच्या टोकाशी एक बुडबुडा आला. मग थांबून दुसरा. मग ते भराभर यायला लागले आणि निवळी हळूहळू गढूळली, दूध सांडावं तशी. अब्बा वाकून, चष्मा कपाळावर चढवून बघत होते. तुम्ही दुसऱ्या पेल्यात निवळी घेतलीत, नळीने त्यात श्वास सोडलात, तीही पांढरी झाली. "हे पाहा भाऊ. माझा श्वास अन् तुमचं खमीर, दोघांतून एकच वायू निघते. कार्बन डायऑक्साइड. हे जित्तं आहे. आपण भाकर खातो तसं हे साखर खाते, अन् आपण सोडतो तेच सोडते. तो वायू पिठात अडकते, म्हणून पीठ फुगते." अब्बांनी तुमच्या हातून नळी घेतली, धुतली, तिसऱ्या पेल्यात स्वतः फुंकर घातली. मग तिन्ही पेले एका रांगेत ठेवून ते किती तरी वेळ बघत राहिले. शेवटी म्हणाले, "म्हंजे आमचा आटा सांस घेते." आणि माझ्याकडे वळून, "बेटी, बरकतच आहे न मग ही. फक्त कोन करते ते आज कळलं." तुम्ही तेव्हा हसलात, पण वर्ग हसला होता तसं नाही.

पुढे तुम्ही एक गोष्ट सांगितलीत आणि अब्बांचा चेहरा उतरला. साखर खाताना खमीर वायूबरोबर थोडी दारूही तयार करतं, असं तुम्ही सहज बोलून गेलात. अब्बा उठून उभे राहिले. "दारू? बाई, आमच्या आट्यात दारू?" तुमच्या लक्षात आलं. "अगदी थोडी, भाऊ. अन् भट्टीच्या आचेनं उडून जाते." अब्बांनी मान हलवली, पण त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजनंतर मशिदीत जाऊन विचारून आले. मौलाना म्हणे खूप हसले आणि म्हणाले, मियाँ, पाव खा, पावाच्या मागे एवढं लागू नका. अब्बा मोकळे झाले, आणि त्यानंतर भट्टी तापायच्या आधी पाव आत घालायला मात्र त्यांनी कधी कोणाला दिले नाहीत.

पण त्या रविवारची मला जास्त आठवते ती नंतरची गोष्ट. अब्बांनी विचारलं होतं, "बाई, हा वायू चांगला का वाईट?" तुम्ही मैद्याच्या पोत्यावर टेकला होता. मग हिवरखेडची गोष्ट सांगितलीत. तुमच्या माहेरी अंगणात पेव होतं, जमिनीत माणूस बुडेल इतकं खोल खणलेलं, आतून सारवलेलं, ज्वारीने भरून वरून बंद केलेलं. ज्वारीही जिवंत असते, आतल्या आत श्वास सोडत असते, आणि तो वायू जड म्हणून तिथेच साचून राहतो. म्हणून जुनी माणसं पेव उघडलं की एक दिवस तसंच ठेवत आणि उतरायच्या आधी दोरीने दिवा सोडत. त्या दिवशी घरात पाहुणे होते, ज्वारी लगेच हवी होती. तुम्ही आठ वर्षांच्या. काकांनी कंदील सोडला, तो विझला. काका म्हणाले, वाऱ्यानं गेला. "मी तिथंच उभी होती," तुम्ही अब्बांना म्हणालात. "माझ्या मनात आलं, पेवात वारा कुठून येईन? पण मोठ्या माणसांत पोरीनं काय बोलावं म्हणून गप्प राहिली. काका उतरले. त्यांना काढायले गडी उतरला. दोघंही गेले." भट्टीत लाकडं तेवढी तडतडत होती. तुम्ही पदराने ओठ पुसलेत आणि बाटल्या पिशवीत भरायला लागलात. मी तेव्हा चौदा वर्षांची. तुम्ही विज्ञान का शिकवता हे मला त्या दिवशी कळलं असं मी पुढे अनेकांना सांगितलं. खरं तर तेव्हा मला फक्त भीती वाटली होती.

त्यानंतर महिन्याभरात तुम्ही मला रागावलात. प्रयोगशाळेत आम्ही सगळ्या निवळीत फुंकर घालत होतो. माझी निवळी काही केल्या पांढरी होईना. मी डोकं गरगरेपर्यंत फुंकलं. शेवटी वहीत लिहून टाकलं, ‘निवळी दुधाळ झाली.’ तुम्ही वही बघितलीत, मग पेला. वर्गात तुम्ही पुस्तकातलं मराठी बोलायचात, पण राग आला की हिवरखेड तोंडातून यायचं. "झाली काय दुधाळ? पाह्यलं काय तू?" मी नाही म्हणाले. "मंग लिवलं कावून?" मी म्हणाले, पुस्तकात तसंच आहे. तुम्ही वही माझ्यापुढे ठेवलीत. "नाही झाली असं लिव्ह. नाही झाली हेही पाह्यलेलंच आहे. त्यात लाज कायची?" नंतर तुम्हीच शोधून काढलंत की माझ्या बाटलीचं झाकण दोन दिवस उघडं राहिलं होतं. निवळीने हवेतलाच वायू पिऊन घेतला होता आणि वर साय धरली होती. ते कारण तुम्ही मला फळ्यावर लिहायला लावलंत. त्या दिवसानंतर ‘बरकत’ म्हणणारे कमी झाले.

दहावीनंतर अब्बा माझं शिक्षण थांबवणार होते. तुम्ही दोनदा घरी आलात. दुसऱ्यांदा तर अकोल्याच्या कॉलेजचा फॉर्म भरूनच आणलात, फक्त सही बाकी होती. दोन वर्षं मी अकोटहून अकोल्याला एसटीने जात होते. बारावी झाली आणि लग्न झालं, चांदूर बाजारला, पुन्हा बेकरीवाल्याच्याच घरात. तुम्हाला मी बी.एस्सी. करावं असं वाटत होतं. लग्नाला आलात तेव्हा त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. सगळ्यांनी भांडी दिली, तुम्ही थर्मामीटर दिलात, काचेचा, लांब, लाकडी डबीत. "पीठ फार तापलं तर खमीर मरते. हाताच्या अंदाजावर नको राहू," एवढंच म्हणालात. सासरी सगळे हसले होते, की नवरीला ताप मोजायला दिला. आता नवरा त्याच्याशिवाय पाणी ओतत नाही. तुम्ही अकोल्याच्या दवाखान्यात वारलात हे मला तेरा दिवसांनी कळलं, अकोटहून आलेल्या एका मैद्याच्या व्यापाऱ्याकडून. त्याआधी दोन वर्षं तुम्ही आजारी आहात हे मला माहीत होतं. बस रोज होती.

आता मागच्या वर्षीचं सांगते. आमच्या बेकरीच्या मागच्या भिंतीला लागून एक आवार आहे. हंगामात तिथे संत्री येतात. बायामाणसं बसून निवडतात, चांगली पेट्यांत भरतात. डागी, फुटकी, पाखरांनी टोचलेली बाजूला काढतात. आवाराच्या कोपऱ्यात एक जुनी आटलेली विहीर होती, तीन पुरुष खोल. मृगाच्या बहराची डागी संत्री दोन महिने त्याच विहिरीत टाकत होते. माझी एक बकरी होती, पांढऱ्या कानांची, गाभण. ती सालींच्या मागे लागून आवारात जायची, मी हाकलून आणायची. त्या दुपारी ती विहिरीत पडली. तिथे पेट्या ठोकणारे दोघे भाऊ कामाला आहेत. थोरला धावत आला, "चाची, तुमची बकरी इहिरीत पडली!" मी पिठाच्या हातांनीच पळाले.

काठावर सहा-सात माणसं जमली होती. खाली संत्र्यांच्या लगद्यात बकरी पडलेली, मान वर करून ओरडत होती. थोरला म्हणाला, "रडू नोका चाची, मी उतरतो न. दगडाच्या पायऱ्या हायेत." मी म्हणाले, "दोर कमरेले बांध." तो म्हणाला, "कायले? एवढीशी त इहीर हाये." "बांध म्हणते न मी." कोणी तरी हसलं. तो पण हसला आणि माझी समजूत काढायची म्हणून दोर बांधला, दुसरं टोक धाकट्याकडे दिलं. तोवर बकरीचा आवाज बंद झाला होता. थोरला पाच-सहा पायऱ्या नीट उतरला. मग थांबला, डोकं हलवलं, जणू कानात पाणी गेलंय. आणखी दोन पायऱ्या उतरला आणि हात सुटून खाली लगद्यात पडला. आवाजसुद्धा फार झाला नाही.

धाकट्याने हातातला दोर काठावर टाकला आणि विहिरीत उतरायला लागला. त्याचा एक पाय आत गेला होता. मी खाली बसले आणि त्याच्या दुसऱ्या पायाला मिठी मारली. "सोडा चाची! तो मरून राह्यला अन् तुमी मले धरून राह्यल्या!" त्याने मला ढकललं, माझ्या बांगड्या फुटल्या, हाताला रक्त आलं. "तू उतरला त दोन मुडदे निघतीन!" मी ओरडले. "हवा नाई खाली! दोर ओढा, सगळे दोर ओढा!" माझा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. चौघांनी दोर धरला. धाकटाही मग वळला आणि रडत रडत ओढायला लागला. थोरला वर आला तेव्हा त्याची मान लोंबत होती, ओठ जांभळे झाले होते. त्याला उघड्यावर पालथा घातला, पाठीवर थापट्या मारल्या. काही नाही. मी तोंडाने काय म्हणत होते मला आठवत नाही. मग त्याच्या छातीतून घरघर आली, जुना पंप चालू होताना येतो तसा आवाज, आणि तो ओकला. पेट्यांच्या टेम्पोत घालून आधी गावातल्या दवाखान्यात, तिथून अमरावतीला नेलं. चौथ्या दिवशी तो चालत घरी आला. बकरी गेली. दुसऱ्या दिवशी लोकांसमोर मी विहिरीत दोरीने दिवा सोडला. चार हात खाली जाताच विझला. पान हलत नव्हतं. आठवडाभरात मालकाने विहीर मातीने बुजवली.

गावात माझं नाव झालं, बाई. आमच्या बाजारात मला बेकरीवाली म्हणायचे, ते आता ‘जीव वाचवणारी चाची’ म्हणायला लागले. थोरल्याची बायको येऊन पाया पडली. जवळच्या शाळेने मला बोलावलं, मुलांना सांगा म्हणाले. मी पानठेल्यावरून चुना आणून निवळी केली, खमीर नेलं, नळी मात्र प्लास्टिकची होती. मुलांनी बुडबुडे बघून टाळ्या वाजवल्या. मग मी गोष्ट सांगितली. तो खाली पडला आणि त्याच क्षणी मला माझ्या बाई आठवल्या, त्यांनी सांगितलेली पेवाची गोष्ट आठवली, असं म्हणाले. हे वाक्य मी तोवर इतक्यांदा बोलले होते की ते न अडखळता यायचं. मागून एक मुलगी उभी राहिली, सातवी-आठवीतली असेल, दोन वेण्या, हातात पेन. "चाची, तुमाले तो पडल्यावर आठवलं, मंग दोर आंधीच कावून बांधाले लावला?" मुख्याध्यापक म्हणाले, "खाली बस." ती बसली, पण माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणाले, "विहिरीत उतरताना दोर तर कोणीही बांधतो, बेटा." पुन्हा टाळ्या झाल्या.

खरं काय ते तुम्हाला तरी सांगते. मी काठावर वाकले तेव्हाच वास आला होता. जास्त वेळ राहिलेल्या पिठाचा येतो तोच, आंबट आणि डोक्यात चढणारा. त्या वायूला स्वतःचा वास नसतो हे तुम्ही शिकवलंत, पण जिथे साखर अशी आंबते तिथे तो असतोच हे मला एवढ्या वर्षांच्या बेकरीत माहीत झालं आहे. बकरी ओरडताना बघितली, मग तिची मान पडताना बघितली. नुसती पडलेली बकरी इतक्या लवकर गप्प होत नाही. मला पेव आठवलं, काका आठवले, ते वाऱ्याचं वाक्य आठवलं. हे सगळं तो उतरायच्या आधी. मग मी का बोलले नाही? माणसं उभी होती, एक जण म्हणत होता की आंबट संत्री खाऊन बकरी झिंगली, आणि सगळे हसत होते. बाईमाणसाने तिथे गॅसबिस म्हणावं आणि तो हसत-हसत बकरी घेऊन वर यावा, याची मला लाज वाटली. आणि बकरी माझी होती, तीही गाभण. तो उतरला तर ती वाचेल, असंही मनात होतं. म्हणून मी अर्धंच बोलले. दोर बांध म्हणाले, का ते म्हणाले नाही. तो दोर माझ्या शहाणपणाचा म्हणून गाव सांगतं. तो खरा माझ्या भित्रेपणाचा आहे. तुम्ही आठ वर्षांच्या होता, बाई. मी पंचावन्नची होते.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर मला पाव गोड लागेना. पंधरा दिवसांनी मी थोरल्याकडे गेले. दुपारची सुट्टी होती, तो आवारात पेट्यांच्या सावलीत डबा खात होता. मी त्याच्यासमोर बसले आणि सांगितलं. सगळं, वासापासून. तो जेवायचा थांबला. मला वाटलं उठून जाईल, किंवा बायकोला बोलवेल. तो बोटांनी डब्याच्या कडेचं कालवण पुसत राहिला. मग म्हणाला, "चाची, मलेई समजलं होतं." मी विचारलं, काय समजलं होतं? "पाचव्या पायरीवरच डोकं जड झालं. छातीत भरून आलं. वापस फिरावं असं वाटलं. पन वरतून सगळे पाहून राह्यले होते. म्हनलं, बकरी काढाले गेला अन् भेला म्हनतीन." तो हसला. "तुमी दोर बांधाले लावला म्हून आज डबा खाऊन राह्यलो. बाकी जाऊ द्या." आणि त्याने आपल्या भाकरीचा तुकडा मोडून माझ्याकडे केला. मी घेतला. आम्ही दोघांनी मिळून डबा संपवला.

परत येताना मला हलकं वाटत होतं. ते वाटायला नको होतं हे कळत होतं, तरी वाटत होतं. तो पण गप्प राहिला होता, म्हणजे मी एकटीच नव्हे, असं मन म्हणत होतं. तुम्ही असता तर एका वाक्यात माझा तो हलकेपणा काढून घेतला असता, म्हणून तुम्ही नाहीत याचंही त्या दिवशी थोडं बरं वाटलं. हे कागद मी कोणाला दाखवणार नाही, नवऱ्यालाही नाही. पीठ वर आलंय, काठवटीच्या कडेपर्यंत, आता उठायला हवं. थोडक्यात संपवते.

थोरल्याला सांगून झालं. राहिली ती दोन वेण्यांची मुलगी. तिला सांगणं सर्वांत सोपं आहे, कारण ती रोज संध्याकाळी आमच्याकडेच पाव न्यायला येते. पैसे देते, पाव पिशवीत ठेवते, आणि जाता जाता आत डोकावून बघते. ती येताना दिसली की मी नवऱ्याला गल्ल्यावर उभं करते आणि आत भट्टीपाशी जाऊन उभी राहते. आत काही काम असतं म्हणून नाही.